‘टेकवा’, ‘घासा’ की ‘संपर्करहित’? (आरएफआयडी, एनएफसीच्या निमित्ताने)

जांभा (फोंडा):
आमच्या सोसायटीच्या फाटकाला कार्डाची नवी व्यवस्था बसतेय. सूचनाफलक कोंकणी, मराठी आणि इंग्रजीत लागणार, त्यातलं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. पुरवठादाराने धाडलेला मजकूर असा: ‘रेडिओ आवृत्ती ओळख पत्र संपर्करहित पद्धतीने वाचकासमोर प्रस्तुत करावे.’ ‘रेडिओ आवृत्ती ओळख’ म्हणजे आरएफआयडी, रेडिओ लहरींनी ओळख पटवणं, आणि यातला वाचक म्हणजे भिंतीवरचं यंत्र! बरं मराठी सुचवा. एनएफसीला (कार्ड किंवा फोन यंत्राच्या अगदी जवळ धरून चालणारी आरएफआयडीची जात) ‘निकट क्षेत्र संप्रेषण’ म्हणतात ते बरोबर आहे का, तेही सांगा.

खाजन:
जांभाबाब, मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते. फ्रीक्वेन्सीला शाळेत आपण वारंवारता शिकलो, कुठे कुठे कंप्रताही सापडेल. पण फलकावर यातलं काहीच नको. एटीएमचा विस्तार कोण लिहितं? नुसतं ‘कार्ड’ म्हणा, पुरे.

खरी गोम क्रियापदात आहे. दुकानदार अजून ‘कार्ड घासू?’ विचारतो. काळ्या चुंबकीय पट्टीचे दिवस सरले, शब्द मागे राहिला. चिप आल्यावर कार्ड यंत्रात ‘घालू’ लागलो. आता करतो ते टेकवणं. ‘कार्ड यंत्राला टेकवा’ हे शेंबड्या पोरालाही कळेल. टॅगला ‘बिल्ला’ चालेल, गुरांच्या कानात असतो तो.

पायलट:
गुरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी नंबर आणि बारकोड असतो, चिप नसते. बारकोड यंत्राला दिसावा लागतो, शेण लागलं की संपलं. रेडिओला दिसण्याशी काही देणंघेणं नाही. कुत्र्याच्या कातडीखाली काचेची बारीक कुपी घालतात, ती खरी आरएफआयडी, आणि तिला झाडून सगळे ‘मायक्रोचिप’च म्हणतात. म्हणजे बिल्ला म्हटल्याने आत काय आहे ते कळत नाही.

मानकुराद (मडगाव):
‘टेकवा’ला अनुमोदन. काटेकोर बोलायचं तर दोन-चार सेंटिमीटर दूर धरलं तरी चालतं, म्हणजे ‘संपर्करहित’ खोटं नाही. पण ते वाचून माणूस कार्ड हातभर लांब धरून उभा राहतो आणि मागे रांग लागते.

‘निकट क्षेत्र’ बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ ‘जवळचा परिसर’ असा घेऊ नये. हे क्षेत्र म्हणजे चुंबकीय क्षेत्रातलं क्षेत्र. एनएफसी चालतं १३.५६ मेगाहर्ट्‌झवर, तिथे तरंगलांबी भरते सुमारे २२ मीटर. तिला २π ने भागलं की साधारण साडेतीन मीटर येतात, आणि भौतिकशास्त्राचं निकट क्षेत्र तिथवर पसरतं. मग कार्ड चार-दहा सेंटिमीटरच्या पुढे का वाचलं जात नाही? कारण यंत्रातल्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट झालं की जोर आठपट कमी. कार्डात बॅटरी नसते, त्याचा प्राण त्याच क्षेत्रात; ते क्षीण झालं की कार्ड गप्प.

फास्टॅगचं उलट. तो ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, तिथे निकट क्षेत्र जेमतेम साडेपाच सेंटिमीटरांत संपतं. म्हणून तो दूर क्षेत्रात काम करतो, यंत्राकडून आलेल्या लहरी आपला नंबर मिसळून परतवतो. बॅटरी त्यातही नसते. दोन्ही आरएफआयडीच, पण एकाला टेकवावं लागतं, दुसरा किणी-तासवड्याच्या टोलवर काही मीटरांवरून वाचला जातो. दोन्हींना सरसकट ‘चिप’ म्हटलं की तिथेच घोळ सुरू होतो.

पायलट:
घोळावरून आठवलं. काच पुसणारा पोरगा मनगटावरचं घड्याळ फास्टॅगवर फिरवून पैसे लाटतो, तो व्हिडिओ खरा होता का? आमच्या स्टँडवर अजून त्याची चर्चा चालते.

मानकुराद:
खोटा. जून २०२२ मध्ये फिरला आणि फास्टॅगची व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने लगेच खुलासा केला, की फास्टॅगचा व्यवहार नोंदणी झालेल्या टोलनाक्यासारख्या व्यापाऱ्याशीच होतो, माणसाकडून माणसाकडे पैसे जातच नाहीत. टॅगमध्ये पैसे नसतात, नंबर असतो. पैसे खात्यात.

बँकेच्या कार्डाबद्दलही हीच भीती घालून फॉइलवाली पाकिटं खपवतात. पाकीट वाईट नाही, पण अडवतं कशाला? गर्दीत यंत्र खेटवून कार्डाचा नंबर आणि मुदत वाचता येईलही, पण मागे छापलेला सीव्हीव्ही येत नाही, आणि दर व्यवहाराला चिप नवा सांकेतिक आकडा तयार करते, तो दुसऱ्यांदा चालत नाही. कार्ड हरवलं तर मात्र धोका खरा: १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंत टेकवता येतं. नको असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ही सोय बंद करा, फुकटात होतं.

जांभाबाब, मला काळजी तुमच्या फाटकाचीच वाटते. तिथली कार्डं १२५ किलोहर्ट्‌झची की १३.५६ मेगाहर्ट्‌झची?

जांभा:
पुरवठादार म्हणतो १२५, आणि ‘एकदम सेफ’.

मानकुराद:
त्या जातीची बहुतेक साधी कार्डं यंत्राजवळ आली की आपला ठरलेला नंबर ओरडून मोकळी होतात. समोर कोण आहे हे विचारत नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त उपकरणाने त्यांची नक्कल होते. ‘क्लोन’ऐवजी मी मुद्दाम ‘नक्कल’ म्हणतोय, तुमच्या समितीला लगेच कळेल. १३.५६ आहे एवढ्यावरही विसंबू नका. मायफेअर क्लासिक नावाच्या कार्डाचं गुप्त गणित नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये उघडं पाडलं, तरी ती कार्डं आजही विकली जातात. डेस्फायरसारखं कार्ड मागा. ते आणि यंत्र एकमेकांची परीक्षा घेतात, मगच दार उघडतं.

जांभा:
समितीपुढे मांडतो. फलक तूर्त असा करतोय: ‘कार्ड यंत्राला टेकवा. हिरवा दिवा लागल्यावर फाटक उघडेल. कार्ड हरवल्यास त्याच दिवशी कार्यालयात सांगून बंद करून घ्या.’

खाजन:
छान. फक्त ‘यंत्राला’ की ‘यंत्रावर’? भिंतीवरच्या उभ्या यंत्राला ‘ला’, दुकानदाराच्या हातातल्या आडव्याला ‘वर’, असं माझे कान सांगतात.

पायलट:
आणि फास्टॅग तो की ते? आमच्याकडे ‘फास्टॅग लावला’ म्हणतात, शेजारच्या मास्तरांचा आग्रह ‘लावले’चा.

खाजन:
तो. मास्तरांना म्हणावं, ‘कार्ड’ ते असलं म्हणून ‘टॅग’ नपुंसकलिंगी होत नाही.