जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॅपमध्ये एका कीखाली अनेक नोंदी कशा ठेवाव्यात?

प्रश्न (नाशिक रोड): द्राक्षांच्या पावत्यांसाठी मी हॅशमॅप (की आणि व्हॅल्यू अशा जोड्या साठवणारा मॅप) वापरला असून गाव ही की (नोंद शोधण्याची खूण) आणि वजन ही व्हॅल्यू (त्या खुणेखालची नोंद) ठेवली आहे, मात्र पिंपळगावच्या तीन पावत्या भरल्यावर शेवटची ४२० किलोचीच उरते. आधीच्या दोन कुठे जातात?

उत्तर: मॅपमध्ये एका कीला एकच व्हॅल्यू असते, त्यामुळे त्याच कीने पुन्हा पुट केल्यास, म्हणजे नोंद भरल्यास, जुनी व्हॅल्यू जाऊन नवी बसते. म्हणून वजनाऐवजी वजनांची ॲरेलिस्टच (जावातील यादी) व्हॅल्यू म्हणून ठेवावी. २०१४ साली आलेल्या जावा ८ पासून यासाठी कम्प्युटइफॲबसेंट ही मेथड (नाव देऊन वापरायची तयार क्रिया) आहे: की नसेल तर ती नवी यादी तयार करून मॅपमध्ये ठेवते, असेल तर आहे तीच यादी देते, आणि त्या यादीवर तिथेच ॲड करता येते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, सर. मी पुटइफॲबसेंट (की नसेल तरच व्हॅल्यू ठेवणारी मेथड) वापरून तिने दिलेल्या यादीवर ॲड करून पाहिले, तर पहिल्याच पावतीला नलपॉइंटर एक्सेप्शन ही त्रुटी आली.

उत्तर: साहजिक आहे, कारण की नवी असताना ती मेथड यादी नव्हे, तर नल (म्हणजे काहीच नाही) परत करते आणि नलवर ॲड करता येत नाही, ही चूक फार जणांकडून होते. सर्व पावत्या आधीच यादीत असतील, तर स्ट्रीमवरील (यादीतील नोंदी एकामागून एक हाताळण्याची सोय) ग्रुपिंगबाय, म्हणजे कीनुसार गट पाडणे, मला अधिक स्वच्छ वाटते. त्याला समिंगइंट (पूर्णांकांची बेरीज) जोडल्यास गाववार एकूण वजनही मिळते.