तेराही राज्यांची संमती हवी असताना अमेरिकेची घटना नऊच राज्यांच्या मान्यतेवर लागू कशी झाली?

मुक्तछंद

पाठ्यपुस्तकात बोस्टनचा चहा, १७७६ चा जाहीरनामा, यॉर्कटाउन आणि १७८३ चा पॅरिस तह येतो आणि पुढच्याच परिच्छेदात १७८७ ची राज्यघटना. मधली वर्षं गायब. माझे दोन प्रश्न आहेत.

१७८१ पासून 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' लागू होते, म्हणजे एक घटना होतीच. ती टाकून द्यावी लागण्याइतकं काय अडलं? शेजच्या बंडामुळे (मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकऱ्यांच्या उठावामुळे) सगळे घाबरले, एवढं उत्तर मला पुरत नाही.

दुसरं, त्याच आर्टिकल्सच्या १३ व्या कलमाप्रमाणे दुरुस्तीला काँग्रेसची (राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेची) आणि प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाची मान्यता लागत होती. नवी घटना मात्र नऊ राज्यांनी स्वीकारताच लागू झाली. हे कायद्यात कसं बसवलं?

दप्तरखाना

अडलं पैशावर. बाकीची बहुतेक दुखणी तिथूनच निघतात.

काँग्रेसला कर लावण्याचा अधिकार नव्हता. ८ व्या कलमाप्रमाणे एकूण खर्च राज्यांत वाटायचा, वाटणी जमीन आणि तिच्यावरच्या इमारतींच्या किमतीच्या प्रमाणात, आणि कर बसवून वसूल करायचा तो त्या त्या विधिमंडळाने. विधिमंडळाने वसूल केलाच नाही तर काय, यावर कलम गप्प. जमिनीचं मूल्यांकनही कधी धड झालं नाही. त्यामुळे वाटणी अंदाजाने ठरे आणि आपल्यावरच जास्त बोजा टाकला असं म्हणत प्रत्येक राज्य हात आखडता घेई. १७८२ सालासाठी काँग्रेसने ८० लाख डॉलर मागितले. १७८३ उजाडेपर्यंत हाती आले सुमारे ४ लाख २० हजार. नोटा छापायची वाटही संपली होती, कारण मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलरला नाण्यातला एक डॉलर हा दर मान्य केला होता.

उपाय साधा होता: आयात मालावर ५ टक्के जकात, थेट काँग्रेसच्या तिजोरीत. अर्थखातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांनी तो लावून धरला. पण हीसुद्धा दुरुस्तीच, म्हणजे तेराही राज्यं हवीत. १७८१ चा प्रस्ताव नोव्हेंबर १७८२ मध्ये ऱ्होड आयलंडने फेटाळला, पाठोपाठ व्हर्जिनियाने दिलेली मान्यता काढून घेतली. १७८३ चा सुधारित प्रस्ताव न्यूयॉर्कपाशी अडला. स्वतःच्या बंदराची जकात हे त्या राज्याचं मोठं उत्पन्न, ते कोण सोडणार? शेजारच्या न्यू जर्सीचा माल त्याच बंदरातून यायचा, म्हणजे तिथले लोक न्यूयॉर्कची तिजोरी भरत होते. म्हणून फेब्रुवारी १७८६ मध्ये न्यू जर्सीने काँग्रेसला आपला वाटा द्यायलाच नकार दिला. माझ्या मते आर्टिकल्सचा कणा मोडला तो इथे.

शेजच्या बंडाचं महत्त्वही याच संदर्भात कळतं. मॅसॅच्युसेट्सने युद्धकर्ज फेडायला जड कर लावले, तेही रोख नाण्यात. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे नाणं नव्हतं. जमिनी लिलावात जाऊ लागल्या तेव्हा ऑगस्ट १७८६ पासून त्यांनी न्यायालयांचं कामकाज बंद पाडलं. बंड मोडायला काँग्रेसकडे ना फौज ना पैसा. बेंजामिन लिंकन यांची पलटण उभी राहिली ती बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर. स्प्रिंगफील्डचं शस्त्रागार काँग्रेसचं, पण २५ जानेवारी १७८७ ला ते वाचवलं राज्याच्या मिलिशियाने, म्हणजे नागरिकांच्या फौजेने.

घटनाभ्यासी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आर्टिकल्सच्या चौकटीत पाहिलं तर ते नियमबाह्यच होतं, आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्यांना ते पुरतं ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक पायरी त्यांनी जपून टाकली.

मार्च १७८५ मध्ये माउंट व्हर्नन इथे व्हर्जिनिया आणि मेरीलँड यांनी पोटोमॅक नदीतल्या वाहतुकीवर करार केला. सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या नियमांसाठी ॲनापोलिसला बैठक बोलावली, तर पाचच राज्यांचे १२ प्रतिनिधी आले. एवढ्यांत निर्णय शक्य नव्हता. त्यांनी पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला व्यापक परिषद भरवण्याची शिफारस तेवढी केली. २१ फेब्रुवारी १७८७ ला काँग्रेसने तिला मान्यता दिली, पण 'फक्त आर्टिकल्समध्ये सुधारणा' या अटीवर.

परिषद २५ मे ते १७ सप्टेंबर चालली. १२ राज्यांचे ५५ जण आले; ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. २९ मे रोजी व्हर्जिनियाचा, नव्याच सरकारचा आराखडा मांडला गेला आणि सुधारणेची अट तिथेच मागे पडली. बहुतेकांना मोठ्या आणि छोट्या राज्यांचा तंटा (जागा लोकसंख्येप्रमाणे की सर्वांना सारख्या) माहीत असतो, तो १६ जुलैला ५ विरुद्ध ४ मतांनी मिटला (मॅसॅच्युसेट्सची मतं समसमान). गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्याची तडजोडही तिथे नव्याने जन्मली नव्हती. तो अपूर्णांक १७८३ च्या, खर्चाची वाटणी लोकसंख्येवर करण्याच्या अयशस्वी प्रस्तावातून उचलला. आधी तो कर मोजण्यासाठी होता, आता तो प्रतिनिधी मोजण्यासाठी आला. ज्यांना मत नाही, स्वातंत्र्य नाही, त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जास्त जागा मिळाल्या. घटनेचं कौतुक करताना हे लपवू नये.

आता नवाचा आकडा. आर्टिकल्समध्ये युद्ध, तह, कर्ज अशा मोठ्या निर्णयांना नऊ राज्यं लागतच होती, त्यामुळे तो कानाला परका नव्हता. नव्या घटनेच्या सातव्या कलमात दोन बदल एकदम केले: तेराऐवजी नऊ, आणि विधिमंडळाऐवजी लोकांनी खास निवडलेली परिषद. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. नव्या घटनेने ज्यांचे अधिकार कापले जाणार, त्या विधिमंडळांनाच निकाल द्यायला सांगितलं असतं तर तो काय लागला असता हे उघड आहे. शिवाय नऊ राज्यांनी मान्यता दिली तरी घटना त्या नऊ राज्यांपुरतीच लागू होणार होती. न येणाऱ्यावर सक्ती नाही.

२८ सप्टेंबर १७८७ ला काँग्रेसने मसुदा ना मंजूर ना नामंजूर करता राज्यांकडे धाडला. नियमभंगाची हरकत तिथे घेता आली असती, ती काँग्रेसने घेतली नाही.

उंबरठा

वरच्या दोन्ही उत्तरांत एक दुवा सुटला आहे. खास परिषद आणि लोकांची मान्यता ही कल्पना फिलाडेल्फियात सुचली नाही.

मे १७७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याआधीच, काँग्रेसने वसाहतींना आपापली सरकारं उभारायला सांगितलं होतं. बहुतेक ठिकाणी चालू सभागृहानेच घटना लिहून लागू केली. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडने तर राजाच्या जुन्या सनदाच चालू ठेवल्या. यातला दोष मॅसॅच्युसेट्समध्ये उघडा पडला. तिथल्या विधिमंडळाने लिहिलेला मसुदा १७७८ मध्ये गावसभांनी फेटाळला. आक्षेपांत एक असा होता की साधं विधिमंडळ घटना लिहीत असेल तर तेच ती उद्या बदलूही शकेल. मग वेगळी परिषद निवडली, मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्स यांनी लिहिला, गावोगाव चर्चा झाली आणि १७८० मध्ये तो लागू झाला. दुरुस्त्यांसह ती घटना आजही चालू आहे. १७८७ ची रीत या अनुभवातून आली.

आर्टिकल्सना निव्वळ अपयश म्हणणंही पटत नाही. १७८५ च्या अध्यादेशाने पश्चिमेकडची जमीन ६ मैल चौरसाच्या टाउनशिपमध्ये, प्रत्येकी ६४० एकरांच्या ३६ तुकड्यांत मोजायची ठरली. सोळावा तुकडा शाळेसाठी राखलेला. १३ जुलै १७८७ च्या वायव्य अध्यादेशाने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी मनाई केली आणि नव्या प्रदेशांना जुन्यांच्या बरोबरीने राज्य होण्याची वाट दिली. वसाहत म्हणून वागवले गेलेल्यांनी नव्या वस्त्यांना वसाहत म्हणून ठेवलं नाही. तिथे आधीपासून राहणाऱ्या मूलनिवासींना मात्र यात काही मिळालं नाही.

मुक्तछंद

आभार. नऊ राज्यं भरल्यावर उरलेल्यांचं काय झालं? आणि ऱ्होड आयलंड शेवटी कसं आलं?

घटनाभ्यासी

नववं न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. पण व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कशिवाय संघ चालणं अशक्य होतं. व्हर्जिनियात चार दिवसांनी ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये २६ जुलैला ३० विरुद्ध २७. एवढ्या काठावरच्या लढती जिंकून दिल्या त्या मॅसॅच्युसेट्सच्या तोडग्याने: आधी बिनशर्त मान्यता, सोबत दुरुस्त्यांची यादी शिफारस म्हणून. 'आधी दुरुस्ती, मग मान्यता' ही मागणी मान्य केली असती तर प्रत्येक राज्याची यादी वेगळी आणि नवी परिषद अटळ. त्या शिफारशींतून काँग्रेसने १७८९ मध्ये १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या. १५ डिसेंबर १७९१ पर्यंत १० मंजूर झाल्या, तीच हक्कांची सनद.

दप्तरखाना

ऱ्होड आयलंडने मार्च १७८८ मध्ये परिषद न बोलावता थेट मतदान घेतलं. सुमारे २,७०० विरोधात, बाजूने अडीचशेहून कमी. समर्थकांनी बहिष्कारच टाकला होता. पुढे वॉशिंग्टन यांचं सरकार सुरू झालं आणि ४ जुलै १७८९ ला जकातीचा कायदा झाला, म्हणजे आठ वर्षं ज्यासाठी हात पसरले ते उत्पन्न पहिल्याच अधिवेशनात मिळालं. नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलायना आलं. एकटं राहिलेलं ऱ्होड आयलंड आता परदेश ठरणार होतं. मे १७९० मध्ये सिनेटने त्याच्याशी व्यापार तोडण्याचं विधेयक मंजूर केलं, इकडे प्रॉव्हिडन्स शहर राज्यातून फुटून निघायची भाषा करू लागलं. २९ मे रोजी परिषदेने मान्यता दिली, ३४ विरुद्ध ३२.