लिथियम चालू आहे, डिसेंबरात पुणे-महाबळेश्वर चॅरिटी राइड करू का?

घाटवेडा: मार्चमध्ये तीन आठवडे ॲडमिट होतो, बायपोलर (मूड टोकाला चढतो-उतरतो तो आजार). आता बरंय, गोळ्या चालू, लिथियमची (मूड स्थिर ठेवणारं औषध) रक्तातली लेव्हल नीट येतेय. आधी सोसायटीभोवतीच फेऱ्या मारायचो, वॉचमनकाका मोजायचे, आता आठवड्यातून तीनदा कात्रजचा जुना घाट चढतो. ग्रुपने डिसेंबरात महाबळेश्वर ठरवलंय, साधारण १२० किमी, प्रत्येकाने एका वस्तीवरच्या शाळेसाठी २५ हजार जमवायचे. मी नाव देऊन बसलो. ताई म्हणते, हे तू बोलतोयस की तुझं चढलेलं डोकं? तिचं चूक नाही, फेब्रुवारीत मी एका रात्रीत सत्तर हजारांची सायकल मागवली होती, तीच ही सायकल. आणि पैसे मागताना लोकांना आजाराचं सांगू का?

मीठसाखर: आधी डॉक्टरांना विचार, मग ग्रुपला. मी ९ वर्षं लिथियमवर आहे. घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढू शकतं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसू नको, ओआरएस किती घ्यायचं ते विचारून घे. हात जास्त थरथरले, उलटी-जुलाब, तोल जातोय असं वाटलं तर सायकल आडवी टाकायची आणि सरळ डॉक्टर. गुडघा दुखला म्हणून कुणाच्या खिशातली आयब्युप्रोफेन घेऊ नकोस, तिनेही लेव्हल चढते.

पसरणी_रिटर्न: मी डिप्रेशनमधून उठताना हीच राइड केली होती. खंबाटकी घाट मजेत चढलो, वाईत मिसळ हाणली आणि पसरणी घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर कठड्यावर बसून रडलो, पायांत जीव होता पण डोक्यात एकच, चाळीस जणांनी पैसे दिलेत आता उतरायचं कुठल्या तोंडाने. शेवटी टेम्पोत बसलो. कोणी पैसे परत मागितले नाहीत रे, एकाने तर फक्त मिसळ कुठे खाल्ली विचारलं. मेसेजमध्येच लिहून टाक, पैसे शाळेला आहेत, मी वर पोचो न पोचो. आजाराचं सांगायलाच पाहिजे असं नाही, मी नव्हतं सांगितलं.

रातपाळी: कोणी झोपेचं बोललंच नाही! पहाटे चारला निघणार म्हणजे अडीचला उठणार, त्यात आदल्या रात्री उत्साहाने डोळा लागत नाही. बायपोलरमध्ये झोप मोडणं हेच आजार उसळायला मोठं निमित्त होतं, माझं दोनदा झालंय. तू वाईच्या अलीकडे कुठेतरी मुक्काम करून दोन दिवसांत कर. आणि ताईला सांग, झोप चार तासांवर आली किंवा नवीन खरेदी दिसली तर नाव काढायचा अधिकार तिचा. रात्री एकदम बिनसलं तर १४४१६, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

घाटवेडा: झोपेचं खरंच डोक्यात नव्हतं. डॉक्टरांची वेळ घेतलीय गुरुवारची. ताईला सगळं वाचून दाखवलं, नाव काढायचा अधिकार तिने लगेच घेतला, वर म्हणते वाईपासून गाडी घेऊन मी मागे राहीन. पोरंही येणार म्हणतायत, स्ट्रॉबेरीसाठी. @पसरणी_रिटर्न, मिसळ कुठे खाल्ली ते सांगा आता.