पक्ष्यांसाठी सोनी २००-६०० घ्यावी की सिग्मा, टॅमरॉन?

पाणथळ: कॅमेऱ्याची बॉडी सोनी ए७ मार्क ४. वापर मुख्यतः भिगवणचे रोहित, बदकं आणि उडते शिकारी पक्षी. तीन लेन्समध्ये अडकलोय: सोनी २००-६०० जी, सिग्मा १५०-६०० डीजी डीएन स्पोर्ट्स, टॅमरॉन १५०-५००. लांबच्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर (उजेड आत घेणाऱ्या छिद्रावर) कोणती जास्त शार्प? ब्रँडच्या नावाचे जास्तीचे पैसे फोटोत दिसतात का?

काचबिंब: पक्षी बहुतेक वेळा फ्रेमच्या मधल्या भागात असतो, आणि तिथे तिघींतला फरक फार थोडा आहे. छिद्र थोडं लहान करून एफ/८ वर तर तो आणखी कमी होतो. त्यामुळे कोपऱ्यांचे चार्ट बघून निर्णय घेऊ नका.

खरा फरक फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्स लांबचं किती मोठं दाखवते याचा. एकाच जागेवरून ५०० ऐवजी ६०० वापरलीत तर पक्ष्यावर ४४ टक्के जास्त पिक्सेल पडतात. टॅमरॉन ५०० ला एफ/६.७ आहे, बाकी दोघींच्या एफ/६.३ पेक्षा उजेडाचा हा तोटा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) पाचव्या हिश्श्याहूनही कमी, तो सोडून द्या. तिची जमेची बाजू वजन: कॉलरशिवाय (ट्रायपॉडला बसवायच्या कड्याशिवाय) १७२५ ग्रॅम. सोनी आणि सिग्मा साधारण २१०० ग्रॅम. दिवसभर हातात धरून उडते पक्षी टिपायचे तर हा फरक खांद्याला नक्की कळतो.

झूमरिंग: सोनीचं झूम आतल्या आत होतं, लेन्स लांब होत नाही. तोल जागचा हलत नाही, आणि २०० ते ६०० मनगटाच्या एका छोट्या वळणात. सिग्मा-टॅमरॉनची नळी बाहेर येते.

दुसरं, सोनीच्या बॉडीवर इतर कंपन्यांच्या लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे आणि टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारी जोडकाच) चालत नाही. तुमची बॉडी १० फ्रेमचीच, म्हणून आज अडत नाही. पुढे ए१ किंवा ए९ मार्क ३ घ्यायचा विचार असेल तर मात्र सोनीच घ्या. १.४ कन्व्हर्टर लावून ८४० मिमी मिळते, पण एफ/९ वर. सकाळच्या कोवळ्या उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढेल.

पाणथळ: म्हणजे सिग्मा घेतली तर दर्जात तडजोड नाही?

काचबिंब: नाही, पण हातात येणारा नग तपासून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन नगांत कधीकधी दोन ब्रँडमधल्यापेक्षा जास्त फरक निघतो. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, २ सेकंदांचा टायमर, वेळ पहाटेची. लांबच्या इमारतीवरचा अँटेना आधी मध्यावर फोकस करा, मग फोकस मॅन्युअलला टाकून तोच अँटेना चारही कोपऱ्यांत आणत एकेक फोटो घ्या. हे ६०० ला एफ/६.३ वर करा, नंतर ३०० ला. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच बाजू मऊ आणि समोरची धारदार असेल तर एखादी काच कललेली आहे, असा नग लगेच बदलून मागा.

झूमरिंग: आणि ९५ मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर पुढे लावू नका. ६०० ला त्याची सदोष काच लगेच दिसते. लेन्स उगाच बदनाम होते. संरक्षणाला हूड (पुढची कडा झाकणारी नळी) पुरे. भिगवणला ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हा कुठलीच लेन्स धारदार फोटो देत नाही. शटर वाढवूनही तो मऊपणा जात नाही, पक्ष्याच्या जवळ जाणं एवढाच उपाय. लेन्सची तुलना करायची असेल तर सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाभरातले फोटोच बघा.