मैदान, बाग आणि हुतात्मा स्मारक एकाच जागेत कसे बसवावे?

आष्टीकर (वर्धा जिल्हा):
आमच्या गावाजवळील मोकळ्या जागेवर बाग, खेळाचे मैदान आणि १९४२ च्या हुतात्म्यांचे स्मारक असे तिन्ही करण्याचा ग्रामपंचायतीचा विचार आहे. स्मारक मध्यभागी असावे, असा काहींचा आग्रह आहे. जाणकारांनी मत द्यावे.

वऱ्हाडी माणूस:
मध्यभागी नको, भाऊ. १९२५ साली खुल्या झालेल्या दादरच्या शिवाजी पार्कात महाराजांचा पुतळा कडेला आहे, भोवती बसायला कट्टा आहे आणि मधली जागा खेळासाठी मोकळी राहिली आहे; म्हणूनच तेथे क्रिकेटही चालते आणि सभाही होतात. मधोमध चौथरा आला, की मैदान संपले. स्मारक प्रवेशाजवळ घ्यावे, म्हणजे १६ ऑगस्टच्या अभिवादनासाठी जमलेल्या लोकांना मैदान तुडवावे लागणार नाही.

माजी कबड्डीपटू:
वरील मताशी सहमत आहे. आपली जमीन काळी आहे, हे मात्र विसरू नये. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून आधी पाण्याचा उतार काढून, मुरूम दाबून, त्यावर चाळलेली माती पसरावी. कडेने धावपट्टीही ठेवावी, कारण पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी मुले सध्या डांबरी रस्त्यावर धावतात.

आष्टीकर:
आभारी आहे. झाडे कोणती लावावीत?

वऱ्हाडी माणूस:
कडुनिंब आणि करंज. हिरवळीचा हट्ट नको. एप्रिल-मेमध्ये तिला पाणी कोण देणार?