डीपी बदलल्यापासून चेन हॉइस्ट उलटा चालून रायला

प्रश्न: राजेहो, आमच्या जिनिंगमंदी १ टनाचा इलेक्ट्रिक चेन हॉइस्ट (साखळीनं वजन उचलाची मशीन) हाय, परवा गावातली डीपी (लाइटीचा ट्रान्सफॉर्मर) बदलली तवापासून वरचं बटन दाबलं का हूक खाली येते. पोरं म्हणतात बटनाचे वायर अदलाबदल करू, जमते काय?

उत्तर: नाई भाऊ, बटनाले हात लावू नका! फेज उलटे जोडल्या गेले म्हणून मोटर उलटी फिरून रायली. बटनाचे वायर फिरवले तर दिसाले बरोबर दिसन पण हूक पुरा वर गेल्यावर वरचा लिमिट स्विच मोटर बंद करनार नाई, हूक बॉडीले धडकन आन चेन तुटू शकते. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सप्लायचे कोनतेबी २ फेज बदलून घ्या, मंग रिकामा हूक हळूहळू वर नेऊन लिमिट तपासा.

उत्तर: बरोबर. फेज रिले (फेज उलटे झाले तं मोटर चालूच होऊ न देनारं यंत्र) बी बसवा. आन चेन पाहा बाप्पा, कापसाची धूळ बसून कोरडी पडते, पुसून तेल द्या. कडी झिजली तं वेल्डिंग नका करू, पुरी चेन बदला.

प्रश्नकर्ता: आजच काम बंद ठेवतो, इलेक्ट्रिशियनले बोलावलं.

उत्तर: तोवर खाली कोनाले उभं राहू देऊ नका भाऊ.