'आय विल ऑल्वेज लव्ह यू' मूळ कोणाचं?

धरमपेठकर: काल देशपांडे सभागृहात गॅदरिंगला एका पोरीनं हे गायलं, अख्खा हॉल चूप. व्हिटनी ह्यूस्टनचंच आहे ना भाऊ?

बर्डीवाली ताई: नाही रे, डॉली पार्टनचं, १९७४ चं. पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमधून तिला निघायचं होतं, तो ऐकूनच नव्हता राहिला, मग भांडण्यापेक्षा तिनं हे लिहून त्याच्यासमोर गायलं. प्रियकराला नाही, ज्यानं संधी दिली त्याला निरोप आहे हा.

महालचा दादा: अन् गायक एल्विस प्रेस्लीलाही हे गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरनं अर्धे प्रकाशन हक्क मागितले, डॉली रडली पण नाहीच म्हणाली. १९९२ मध्ये व्हिटनीचं आलं, अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत १४ आठवडे पहिल्या नंबरवर! हक्क सगळे डॉलीकडेच. जबरदस्त बाई.

धरमपेठकर: आत्ता डॉलीचंच ऐकून राहिलो, शेवटचं कडवं ती गात नाही, नुसती बोलते. काटा आला ताई.